इंदूताईचं इंग्रजी

वैशाखातल्या दुपारी खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताटीतून जो ओलसर, हिरवट अंधार खोलीत झिरपत असे, त्या अंधारात मी इंदूताईला आधी ऐकलं, पाहिलं नंतर. बाहेर आमच्या गावच्या शनवाऱ्याच्या चौकात ऊन असं तापलेलं, की टांग्यांची घोडीसुद्धा डोळे मिटून उभी होती. आणि आत, टेलिफोन एक्स्चेंजच्या लांबोळक्या खोलीत, कॉल आला की बोर्डावरची एकेक झडप खट्‌ करून खाली पडत होती आणि कुणी बाई इंग्रजीत बोलत होती. मी दारातच थबकले. कुणी पारशीण बसली असावी आत, असं मला वाटलं. दोन मिनिटांत तिथं बंगालीण आली. मागोमाग टाचा आपटत बोलणारी पंजाबीण. मी मनात म्हटलं, अगं बाई, इथं कामाला आहेत तरी किती जणी! डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं, की बोर्डापुढच्या दोन खुर्च्यांपैकी एक रिकामी आहे, ती माझी. आणि दुसरीवर निळ्या काठाचं पांढरं पातळ नेसलेली, लहान चणीची, सावळी मुलगी कानांवर हेडफोन चढवून एकटीच बसली आहे. तिनं माझ्याकडे न पाहता हातानंच खुर्ची दाखवली.

ती लोधीपुऱ्यातली, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, मराठी शाळेतून मॅट्रिक झालेली. मीही त्याच शाळेतली. आमच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर एक ओळ वाचायचे, तिचा मराठी अर्थ सांगायचे, आणि आम्ही सगळ्या पोरी पाढे म्हणाव्यात तशा सुरात ती ओळ म्हणायचो. त्या सुरात प्रश्न कुठला, विनंती कुठली, रडणं कुठलं, काही कळायचं नाही. परीक्षेत लिहिता आलं की झालं. थोडक्यात, इंग्रजी आम्ही पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं. त्यामुळे ते एकच असतं, पुस्तकात छापलेलं, सगळ्यांना सारखं, अशी माझी ठाम समजूत. ती समजूत त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्याच तासात मोडली.

काळ राज्यं नव्यानं जोडण्याचा होता. नागपूर ज्याची राजधानी तो आमचा जुना प्रांत मोडला. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे राहिलो आणि भोपाळच्या पदरात पडलो. घरात मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत कधी ही तर कधी ती, असा आमचा संसार आधीपासूनच होता. पण आता प्रत्येक भाषेला जणू ओळखपत्र मागितलं जाऊ लागलं. पुण्याचे पाहुणे आमच्या मराठीला हसत, भोपाळकडून बदलून आलेले साहेब आमच्या हिंदीला हसत, आणि आमच्या इंग्रजीला हसायला मात्र दोघेही एकत्र येत. तापीकाठच्या माणसाची जीभ तशी जड नाही, पण सतत हसं होणार म्हटल्यावर चांगली चालती जीभही अडखळते. आमच्या गल्लीत कित्येक हुशार पोरी त्या वर्षांत चारचौघांत बोलेनाशा झाल्या. मी त्यांतलीच एक.

इंदूताई बोलेनाशी झाली नाही. तिनं वेगळाच मार्ग काढला. पुण्याला चुलतबहिणीच्या लग्नात ती वाढपाला उभी होती. कुणीतरी विचारलं, तुझं जेवण झालं का, आणि ही आपली सरळपणे म्हणाली, "मी मागून जेवून राहिली." अख्खी पंगत हसली. एका लहान मुलानं ते वाक्य तिच्याच हेलात दिवसभर म्हणून दाखवलं, आणि मोठ्यांनी त्याला आणखी म्हणायला लावलं. ही हकिगत तिनं मला सांगितली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. नंतर म्हणाली, "एक मला तेव्हा समजलं, शालू. स्वतःच्याच आवाजाला कोणी हसत नाही."

हे तिचं तत्त्वज्ञान, आणि एक्स्चेंजमध्ये त्याला जोड मिळाली ती कामाच्या एका नियमाची. बोलणाऱ्यानं गाव, नंबर, माणसाचं नाव सांगितलं, की जोडणी करण्याआधी ते सगळं त्याला परत म्हणून दाखवायचं, आणि त्यानं होकार दिल्यावरच पुढे जायचं. आमच्या तारा खंडव्याहून नाही तर भुसावळहून पुढे जात. वारा सुटला की त्यांच्यात समुद्र शिरल्यासारखी गाज उठे, आणि एक आकडा चुकला तरी कानपुरात भलत्याच घरी घंटी वाजे. मी नियमाप्रमाणे शब्द तेवढे परत करायची. इंदूताई शब्दांबरोबर माणसाचा सूरही परत करायची. मुंबईचा म्हातारा पारशी दलाल कापसाचे भाव बोलताना शब्दांना सैल सोडायचा आणि शेवटचं अक्षर लांबवायचा; ती तितकंच लांबवायची. कागद कारखान्यातले बंगाली इंजिनीअर तोंडात सुपारी धरल्यासारखे गोल बोलत; तिच्याही तोंडात सुपारी यायची. दिल्लीचा केळ्यांचा अडत्या प्रत्येक अक्षरावर पाय देऊन चालायचा. आणि मुंबईच्या एका गिरणीत मागं राहिलेला म्हातारा इंग्रज तर अर्धेच शब्द बोलायचा, उरलेले त्याच्या मिशीत अडकायचे. मी त्याच्यापुढे हात टेकले होते, पण इंदूताई त्याला त्याच्याच अर्ध्या शब्दांत उत्तर द्यायची आणि तो खूश होऊन पलीकडे हसायचा. वादळवाऱ्यातही तिचे कॉल लागत, कारण गाज कितीही उठली तरी माणसाला आपला सूर ओळखू येतोच.

सुरुवातीला तिनं हे जाणूनबुजून केलं असेल. मी आले तोवर ते तिच्या श्वासात मिसळून गेलं होतं. कधी नवा आवाज तारेवर आला, की तिच्या पापण्या आपोआप मिटत. डाव्या हाताची दोन बोटं गळ्याच्या खळगीवर जाऊन टेकत, आत कुठली तार जुळवायची ते चाचपावं तशी. ओठ किंचित हलत, आणि तो माणूस बोलत असतानाच ती मनातल्या मनात त्याच्याबरोबर बोलू लागलेली असे. जिवाचा कान करणं म्हणतात ते मी तिच्याकडे पाहून शिकले. एकदा मी विचारलं, तू हे करतेस तरी कसं? तिनं खरोखरच गोंधळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय करून राहिली मी?" तिला ठाऊकच नव्हतं. मी उगाच हसले आणि विषय बदलला.

तीन वर्षं मी तिच्या शेजारी बसले. कार्तिकापासून माघापर्यंत कापसाचा हंगाम. जिनिंगमधून उडालेलं बोंडांचं तूस खिडकीच्या जाळीला चिकटायचं, खोलीतला उजेड दुधासारखा पांढुरका व्हायचा, आणि त्या उजेडात इंदूताईचा हात जोडणीच्या दोऱ्या ओढत, खुपसत, काढत असा चालायचा की विणकामच चाललं आहे असं वाटावं. तोंडात सदा ज्येष्ठमधाची काडी. आवाज नसेल तेव्हा ती अगदीच साधी दिसे, चार बायकांत उभी केली तर शोधावी लागेल अशी. आणि बोलू लागली की खोलीत माणसं मावत नसत. माझे कान तिनं घडवले. माणूस घाईत असेल तर शब्दांचे शेवट ऐक, रागावला असेल तर सुरुवाती ऐक, हे तिनंच मला शिकवलं. मुंबईचा कॉल असला की मुद्दाम मला घ्यायला लावायची आणि मी अडले तर टेबलाखालून पायानं टोचून धीर द्यायची. आणि मी, खरं सांगते, तिचा मनापासून हेवा करायची. माझं इंग्रजी पाठ केलेलं, सपाट, लाकडी. माझ्याशी बोलताना लोक कामापुरतं बोलत, तिच्याशी बोलताना घरचं विचारत.

मग ते पत्र आलं. नव्या राज्यात कच्च्या नोकऱ्या पक्क्या करणं चाललं होतं, आणि आमच्या एक्स्चेंजला बाईमाणसाची पक्की जागा मिळाली ती एक. आम्ही होतो दोघी. वरून एक साहेब येतील, दोघींची इंग्रजीची तोंडी परीक्षा घेतील आणि एकीला ठेवतील, असं आमचे सुपरवायझर चौबेजी यांनी पत्र वाचून सांगितलं. सांगताना त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं, कारण निकाल त्यांच्या मते लागलेलाच होता. माझ्याही मते.

इंदूताईच्या घरी या पत्राचा अर्थ वेगळा होता. आई-वडील नव्हते, भाऊ होता, वाईट नव्हता, पण सव्विशीतली बहीण घरात आहे या विचारानं तो रोज थोडा थोडा चिडका होत चालला होता. चोपड्याचं एक स्थळ सांगून आलेलं होतं. बिजवर, दोन मुलं, मोठं खटलं, आणि बाईनं उंबऱ्याबाहेर नोकरी करायची नाही ही पहिली अट. भावानं तिला स्पष्ट सांगितलं: पक्की झालीस तर तुझी तू मुखत्यार, मी पुन्हा विषय काढणार नाही, नाही झालीस तर चैत्र संपायच्या आत चोपड्याला होकार. तिनं ते मान्य केलं होतं. मला सांगताना ती हेडफोनची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. "इथून उठली ना मी, तर संपली बाई," एवढंच म्हणाली.

मलाही ती जागा हवी होती. माझी कारणं इथं सांगत बसत नाही. पाप करणाऱ्या प्रत्येकाजवळ कारणांचं गाठोडं असतं, आणि ते सोडून दाखवायला लागलं की ऐकणारा विरघळतो. मला कुणी विरघळायला नको आहे.

परीक्षेचा दिवस फाल्गुनातला. सकाळपासून कोरडा, भणभणता वारा होता. चौबेजींच्या खोलीचं अर्धं, झुलतं दार सारखं कुरकुरत होतं आणि बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी हात मांडीत घालून बसलो होतो. माझं नाव आधी पुकारलं गेलं; तेवढ्यात बोर्ड सांभाळणाऱ्या लाइनमननं हाक मारली म्हणून इंदूताई तिकडे गेली. आत चौबेजी एका बाजूला बसले होते. साहेब मद्रासकडचे. पन्नाशीचे, किरकोळ बांध्याचे, कपाळावर भस्माची पुसट रेघ, आणि कोटाच्या बाह्या झिजलेल्या पण इस्त्री कडक. त्यांनी समजावून सांगितलं, की मी गिऱ्हाईक, तुम्ही ऑपरेटर. मी कॉल मागेन, तुम्ही एक्स्चेंजच्या रीतीनं उत्तर द्यायचं. आणि ते बोलू लागले. तसं इंग्रजी मी जन्मात ऐकलं नव्हतं. दक्षिणेचे कॉल आमच्याकडे जवळजवळ येतच नसत. अक्षरं एकमेकींना धरून, मृदंगाच्या बोलांसारखी भराभर यायची, मध्ये श्वासालाही फट नाही, आणि वाक्य संपायच्या आधी एकदम वर चढायचं.

मला काही म्हणता काही कळलं नाही. मी पुन्हा सांगायला सांगितलं. पुन्हा कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारताना माझ्या तोंडावर हसू आलं. घाबरले की मला हसू फुटतं, ही माझी जन्माची खोड. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग ते सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलले, आणि ते मला सगळं कळलं. ते म्हणाले, की उत्तरेत बदली झाल्यापासून लोक आपल्या बोलण्याची नक्कल करतात, दारामागे करतात, कधी तोंडावरही करतात. आधीच्या गावी तर कारकुनांनी आपण जिना उतरत असताना वर नक्कल करून दाखवली. आपण ऐकलं नाही असं दाखवतो, पण ऐकलेलं असतं. हे आता आपल्याला सहन होत नाही. ते रागावून बोलत नव्हते. थकून बोलत होते, आणि त्यांच्या मानेवरची शीर उडत होती. मी माफी मागितली, मी हसले नाही, घाबरले, असं माझ्या लाकडी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुढचा कॉल त्यांनी सावकाश मागितला, मी तो सपाट आवाजात परत म्हणून दाखवला, आणि त्यांचा चेहरा जरा निवळला. माझ्या त्या आवाजात कुणाचाच सूर नव्हता, त्यांचाही नाही.

मी बाहेर आले तेव्हा इंदूताई बाकावर परतली होती. दारापासून बाकापर्यंत चार पावलं. त्या चार पावलांत मला सगळं स्वच्छ दिसलं होतं. इंदूताई आत जाईल, नवा आवाज ऐकेल, तिच्या पापण्या मिटतील, आणि पुढे काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको होता. तिला एवढंच सांगायचं होतं, की बाई, आज कुणाचा सूर उचलू नकोस, या माणसाचं मन दुखावलेलं आहे. एका दमात सांगून झालं असतं.

तिनं तोंडातली ज्येष्ठमधाची काडी काढून रुमालात गुंडाळली आणि विचारलं, "कसे आहेत? कसं बोलायचं त्यांच्याशी?"

मी म्हटलं, "चांगले आहेत. तू रोज बोलती ना, तशीच बोल."

ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उठली आणि आत गेली. दार तिच्या मागे दोनदा झुललं आणि थांबलं. मी बाकावर तशीच बसून राहिले.

आधी साहेबांचा आवाज आला, भरभर, वर चढणारा. आणि मग पुन्हा साहेबांचाच आवाज आला, फक्त बाईच्या गळ्यातून. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पहिल्याच ऐकण्यात तिनं तो सगळा उचलला होता, ती चढण, तो न घेतलेला श्वास, सगळं. तीन वर्षांत मी तिच्याकडून इतकं सुंदर काम ऐकलं नव्हतं. आत खुर्ची सरकली. साहेबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी धारदार. इंदूताईला वाटलं असणार, आपलं कुठंतरी कमी पडलं. तिनं अधिक मन लावून, अधिक हुबेहूब, तीच धार लावून ते परत केलं. साहेबांनी थरथरत्या आवाजात विचारलं, की तुम्ही माझी थट्टा करता आहात का. आणि सवयीच्या भरात तिनं तो प्रश्नही त्यांच्याच सुरात परत म्हणायला घेतला, आणि अर्ध्यावर तिचा आवाज तुटला. काय झालं ते तिला तेव्हा कळलं.

चौबेजी मध्ये काहीतरी बोलू पाहत होते; साहेबांनी त्यांना थांबवलं. मग ते हळू म्हणाले, तुमच्या स्वतःच्या इंग्रजीत बोला. काहीही बोला. तुमचं नाव सांगा, गाव सांगा.

त्यानंतर जे झालं ते अजून माझ्या कानांत आहे. वारासुद्धा त्या क्षणी पडला होता. इंदूताईनं सुरुवात केली, आणि तिच्या तोंडून पारशी दलाल बाहेर आला, ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, शब्द गोल झाले, थांबली. तिसऱ्यांदा तिनं नुसता श्वास घेतला आणि तो तसाच सोडला. बाजारात हरवलेलं आपलं पोर शोधताना बाई एकेका पोराचं तोंड वळवून बघते, तशी ती एकेक आवाज उचलून पाहत होती, आणि आपला त्यात नव्हता. हसं होऊ नये म्हणून तिनं जो दडवला होता, तो तिला ऐनवेळी सापडेना. मला मात्र तेव्हाही उठता आलं असतं. दार उघडून इतकंच म्हणायचं होतं, की साहेब, ही थट्टा नाही, ही हिची कामाची रीत आहे, बोर्डावर बसवून पाहा. माझ्या लाकडी इंग्रजीतही ते वाक्य बसलं असतं. मी मूग गिळून बाकावर बसून राहिले, आणि समोरच्या भिंतीवरचा पोपडा किती मोठा आहे ते बघत राहिले.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. माझ्याजवळ बसली. मला वाटलं, आता विचारणार. आता माझ्याकडे वळून विचारणार, की तुला माहीत होतं ना? मी उत्तर जुळवून ठेवलं होतं, खोटंच. तिनं रुमालात गुंडाळलेली काडी बाहेर काढली आणि तशीच हातात धरली. मग म्हणाली, "त्या माणसाला लई लागलं, शालू. माझ्यानं लागलं." आणि माझ्याकडे वळून, "तुझं तरी नीट झालं ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते!

पक्कं पत्र माझ्या नावानं आलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आमच्या लाइनमननं तोंडावर म्हणून घेतलं, आणि मी ते ऐकून घेतलं, कारण तो म्हणाला त्याहून खरं ते कितीतरी पट वाईट होतं. भावाला दिलेला शब्द इंदूताईनं पाळला. चैत्राच्या शेवटच्या आठवड्यात ती चोपड्याला गेली. लग्नात मी गेले होते. हार घालताना ती खाली पाहत होती, आणि नाव घ्यायला सांगितलं तेव्हा इतक्या हळू आवाजात तिनं ते घेतलं, की मांडवातल्या बायका म्हणाल्या, मुलगी अबोल दिसते.

पुढचे कित्येक महिने तारेवर तिची विचारपूस होत राहिली. पारशी म्हातारा म्हणे, आमची पोरगी कुठं गेली? बंगाली साहेब म्हणत, इथं आमच्याकडची एक मुलगी होती ती दिसत नाही. दिल्लीच्या अडत्याला ती पंजाबी वाटली होती, आणि गिरणीतल्या इंग्रजानं तर तिचे आई-वडील विलायतेत कुठल्या गावचे, असं मला विचारलं. प्रत्येकाला ती आपली वाटली होती, आणि ती कुठली हे एकालाही माहीत नव्हतं. मी सगळ्यांना सपाट आवाजात सांगायची, की इथं तशी कुणी नाही. हळूहळू विचारणं थांबलं. पुढे बोर्ड गेला, माणसं आपले नंबर आपणच फिरवू लागली, झडपांची खटखट मेली, आणि मी सन्मानानं निवृत्त झाले. चोपडं काही परदेशात नाही. दोन बस बदलल्या की येतं. मी इतक्या वर्षांत एकदाही गेले नाही.

गेले ती काही वर्षांपूर्वी, ती वारल्याचं कळल्यावर, दिवसकार्य उरकून गेल्यानंतर. घरात थोरली सून होती आणि नात होती, विशीतली, पुण्याच्या एका कंपनीत टेलिफोनवर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी लागलेली. ती आतल्या खोलीत कानांना यंत्र लावून इंग्रजी उच्चारांचा सराव करत होती. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, जिभेवरचं गाव खरवडून काढत. मी कितीतरी वेळ ते ऐकत बसले. मग सुनेला म्हटलं, हे हिला आजीकडून आलं. सून काही न कळून बघू लागली. म्हणाली, "सासूबाईंना कुठलं इंग्रजी येतं हो! त्या तर चारचौघांत मराठीसुद्धा बोलत नव्हत्या."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. पन्नास वर्षं जे गिळून ठेवलं होतं ते मी त्या परक्या माजघरात, चहाचा कप हातात धरून, सगळं बाहेर काढलं. म्हटलं, तिला येत होतं. जसं येत होतं तसं मी पुन्हा कुणाचं ऐकलं नाही. आणि तिची नोकरी माझ्यामुळे गेली. मला ठाऊक असून मी तिला सांगितलं नाही. सांगता सांगता कपातला चहा माझ्या पातळावर सांडला. सुनेनं माझ्या हातातला कप काढून घेतला, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि अगदी मायेनं विचारलं, "कुठली नोकरी, मावशी?"

तिनं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. आतून नात बाहेर आली होती, दाराला टेकून ऐकत होती. तिचे डोळे चमकले. म्हणाली, आजी कशी बोलायची ते बोलून दाखवा ना. मी पदर सावरून बसले, डोळे मिटले, आणि आठवू लागले. पारशी म्हातारा आठवला, बंगाली साहेब आठवले, तो दुखावलेला मद्रासकडचा माणूसही अक्षर न् अक्षर आठवला. मी तोंड उघडलं, आणि जे आलं ते माझंच होतं, शाळेतलं, सपाट, लाकडी. पोरीनं आदर म्हणून मान हलवली.

माणूस जातं, काळ त्याच्यावरून हात फिरवतो, आणि कुणाच्या तरी आठवणीत ते थोडं उरतं, असं म्हणतात. इंदूताई तेवढी उरली आहे ती फक्त माझ्या कानात, आणि तिला तिथून बाहेर काढायला लागतो तो तिचाच आवाज मीच त्या दिवशी बाकावर बसून जाऊ दिला.